का सा दू?

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय सोनू,
अनेक आशीर्वाद.

सकाळी फोनवर तू म्हणालीस, "आई, नॉर्वेजियनचा क्लास सोडला मी. इथे सगळ्यांनाच इंग्रजी येतं, कशाला उगाच जीव काढायचा?" तेव्हा मी नुसतं "बरं" म्हटलं. फोनवर मला सुचत नाही, कागद पुढे असला की सुचतं. म्हणून जेवणं आटोपल्यावर लिहायला बसले.

मागचा जून आठव. नॉर्वेला, ट्रॉन्डहाइममध्ये तुझ्याकडे येऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. तू विद्यापीठात गेलेली. बेल वाजली, दार उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या आजी. हातात ताटली, तिच्यात पत्त्यातल्या बदामासारख्या पाकळ्यांचे गरम वॉफल आणि वर त्यांच्याकडच्या तपकिरी चीजचे पातळ काप. मला तेव्हा एकच शब्द येत होता, 'ताक'. आपण प्यायचं ताक म्हणतो तसाच म्हणायचा, फक्त शेवटच्या क वर जरा जोर. तेवढा म्हटला. रिकामी ताटली परत द्यायची नाही हा आपला रिवाज, म्हणून संध्याकाळी तिच्यात चकल्या घालून खाली नेऊन दिली.

चार दिवसांनी जिन्यात त्या भेटल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "ताक फोर सिस्त." मला अर्थ लागेना. घरी आल्यावर तू सांगितलंस: मागच्या भेटीबद्दल आभार. मागे आपण भेटलो होतो, ते मी विसरलेले नाही, असं. सोनू, मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. एवढ्याशा तीन शब्दांत एवढी आपुलकी मावलेली मी क्वचित पाहिली आहे.

पण मला लागलं ते दुसरंच. त्या संध्याकाळी आजी तुझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या. एकेक शब्द शोधून काढत होत्या, मध्येच थांबत होत्या, हाताने हवेत काहीतरी दाखवत होत्या. तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, आणि त्या स्वतःच्या भाषेत बोलायला लागल्या तशी ती बाईच बदलली. हसल्या, रागावल्या, कुणाची तरी नक्कल केली. तुझ्या वाट्याला यातलं काही आलं नव्हतं. तुझ्याशी बोलायला त्या रोज एक जिना चढून येतात. सोनू, रोज त्यांनीच का चढायचं?

म्हणून परत आल्यावर मी दोनशे पानी वही केली. तुझ्याच विद्यापीठाचा, एनटीएनयूचा, सुरुवात करणाऱ्यांसाठी इंटरनेटवर फुकट अभ्यासक्रम आहे, तो रोज दुपारी अर्धा तास करते. आणि मला आता छातीवर हात ठेवून सांगता येतं, ही भाषा मराठी माणसाला जड नाही. तू ती इंग्रजीच्या वाटेने शिकायला गेलीस, म्हणून ती तुला परकी वाटली.

क्रियापदं घे. आपल्याकडे मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात. परक्या माणसाला रडकुंडीला आणणारं प्रकरण. तिथे मूळ रूपाला शेवटी 'र' लावला की वर्तमानकाळ झाला, आणि बोलणारा कुणीही असो, रूप तेच. बोलणे म्हणजे 'स्नाके'. मग यै स्नाकर, दू स्नाकर, हान स्नाकर, हून स्नाकर, वी स्नाकर, म्हणजे मी, तू, तो, ती, आम्ही, सगळ्यांना तेच. बाई-बुवा नाही, एक-अनेक नाही. राहते ते 'बूर', खाते ते 'स्पीसर', वाचते ते 'लेसर'. वेत, कान, मो, विल, स्काल असे मोजके अपवाद आहेत, ते रोज इतके कानावर पडतात की पाठ करावेच लागत नाहीत. भूतकाळ थोडा पसरट आहे, पण 'द्रिके' म्हणजे पिणे, ते द्रिके, द्राक, द्रुकेत असं पाढ्यासारखं म्हटलं की बसतो. त्याची घाई नको. पहिले दोन महिने वर्तमानकाळावर काढ. आपण "शुक्रवारी जाते" म्हणतो, तसाच त्यांचाही वर्तमानकाळ भविष्याला चालतो.

नकार तर आपलाच वाटतो. इंग्रजीत तो बहुतेकदा मुख्य क्रियापदाच्या आधी येतो. आपण म्हणतो "कळत नाही", ते म्हणतात "यै फोष्टोर इक्के". "माहीत नाही" म्हणजे "यै वेत इक्के". इक्के म्हणजे नाही, आणि बसतो आपल्या नाहीसारखा मागेच. पोटवाक्यात तो जागा बदलतो, पण ते पुढचं.

एका गोष्टीला मात्र मराठीचा आधार नाही. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांचं दुसऱ्या जागेवर. पहिल्या जागी कुणीही बसो, कर्ता असो की 'आज' असो की 'शुक्रवारी' असो, दुसरी खुर्ची क्रियापदाची. हे मला पुस्तकाने नाही शिकवलं. निघायच्या आधी आजींकडे चहाला गेले होते तेव्हा मी जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "पो फ्रेदाग यै गोर तिल इंदिया." आजींनी कप खाली ठेवला. दोन बोटं टेबलावर ठेवून ती पावलांसारखी टाकत टाकत साखरेच्या भांड्यापर्यंत नेली आणि मान हलवली. 'गो' म्हणजे पायी जाणं. मग त्यांनी सावकाश म्हटलं, "पो फ्रेदाग रैसर यै तिल इंदिया." रैसे म्हणजे प्रवासाला जाणं, आणि फ्रेदागच्या मागोमाग रैसर, मग यै. एका वाक्यात दोन धडे. ती दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, आणि ते क्रियापद मी कधी चुकणार नाही.

आता लिंग. क्लासमध्ये तुला सांगितलं असेल की नामाला लिंगं तीन आणि ती घोकायची. इंग्रजीच्या माणसाला घोकावी लागतील, तुला नाही. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, आपल्याकडे जन्मापासून आहेत. मी वहीत नपुंसकलिंगी शब्दांची यादी करत होते आणि करता करता थांबले. एत हूस, घर. एत बाण, मूल. एत त्रे, झाड. वान म्हणजे पाणी, हूदे म्हणजे डोकं, एग म्हणजे अंडं, नावन म्हणजे नाव. मराठीतही सगळी 'ते'! सगळेच शब्द असे जुळत नाहीत, पुस्तक त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे. पण निम्मी वाट आधीच चाललेली आहेस तू. आणि नावन हा शब्द तर आपल्या नावाचा लांबचा भाऊच. नवा म्हणजे 'नी', दार म्हणजे 'दर'. फार जुन्या काळी एकाच घरातून निघालेले शब्द आहेत हे.

वर मी बाण लिहिलं त्यावर तू अडखळली असशील, कारण लिहितात बार्न. आता हे नीट वाच, यात मला सगळ्यात जास्त आनंद झाला. र च्या पुढे न आला की दोघं मिळून ण होतो. र आणि त मिळून ट, र आणि द मिळून ड, र आणि स मिळून ष. म्हणून नोर्स्क लिहायचं आणि नोष्क म्हणायचं. "कसं चाललंय" याला "वूडान गोर दे?" पाणिनीचं सूत्र आहे ना, "रषाभ्यां नो णः समानपदे", एकाच शब्दात र किंवा ष च्या पुढचा न बदलून ण होतो. पूर्ण, जीर्ण, विस्तीर्ण. आपल्याकडे र जागेवर राहतो, त्यांच्याकडे तो विरघळून जातो, एवढाच फरक. बर्गनकडे र घशातून काढतात, तिथे हे होत नाही. पण तुझ्या गावात होतं. इंग्रज माणसाची जीभ या ट-ड-णला वळता वळत नाही, तुझी पाळण्यापासून वळलेली आहे. उलट साधा त म्हणताना सांभाळ. इंग्रजीच्या सवयीने आपण ट म्हणतो, तिथे तो आपला दंत्य त आहे. टाक नव्हे, ताक.

आकड्यांचं तर विचारू नकोस. जुन्या नॉर्वेजियनमध्ये पंचवीसला "फेम-ओ-तीवे" म्हणत, म्हणजे पाच आणि वीस. आपलं पंचवीसच! टेलिफोनचे नंबर सांगताना आकड्यांची उलटापालट होऊन घोटाळे व्हायला लागले, तेव्हा 1951 साली तिथल्या संसदेच्या निर्णयाने तो क्रम बदलला आणि "शूएफेम", वीस-पाच, असं शिकवायला लागले. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गहजब झाला, आठवतं? त्यांच्याकडे सत्तर वर्षं उलटली तरी काही म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून जुनीच मोजणी आहे. आजींनी मला वय सांगितलं तेव्हा म्हणूनच ते तुझ्या पुस्तकाशी जुळलं नव्हतं.

रोजची वाक्यं आता सांगते, ती आधी तोंडात बसव. दुकानात पैसे देताना विचारतात, "विल दू हा पूसे?" पिशवी हवी का? तू मान डोलावून मोकळी होतेस. "नाय, ताक" म्हण. काही मागायचं तर "कान यै फो", मला मिळेल का, ने सुरुवात कर. प्लीजला त्यांच्याकडे रोजच्या वापरातला एक ठरलेला शब्द नाही, आणि तुझ्या मैत्रिणी म्हणतात तसा तो उद्धटपणा नव्हे. आपण तरी घरात कृपया म्हणतो का? "जरा पाणी दे ना" म्हणतो. नम्रपणा त्या 'जरा'मध्ये आणि 'ना'मध्ये असतो.

जेवून उठताना "ताक फोर मातेन" म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. घरातली मुलं रोज आईला म्हणतात. आपल्या पंगतीत "अन्नदाता सुखी भव" म्हणून उठायचे, ती रीत आता गेलीच. तुझ्या सहकारी मुलीने माझं पिठलं-भाकरी खाऊन ते म्हटलं तेव्हा मला काय उत्तर द्यावं कळेना. आता येतं, "वेल बेकोमे".

आणि तू. ऐंशीच्या घरातल्या आजींना 'दू' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. त्यांच्याकडेही आदराचं 'दी' होतं, गेल्या पन्नास-साठ वर्षांत ते मागे पडलं. मास्तर असो, साहेब असो, 'दू'. मग माझ्या मनात आलं, आपण तरी आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. तेव्हापासून 'दू' म्हणताना मला संकोच वाटत नाही.

तू म्हणतेस, पुस्तकात एक आणि रस्त्यावर दुसरंच ऐकू येतं. खरं आहे, आणि त्याला कारण आहे. चारशे वर्षं डेन्मार्कची सत्ता, लिहायची भाषा डॅनिश. इवार ओसेन नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा 1842 पासून चार वर्षं गावोगाव हिंडला, लोकांच्या तोंडची बोली टिपत गेला आणि त्यातून त्याने लिहायची नवी भाषा उभी केली. 1885 मध्ये तिला बरोबरीचा दर्जा मिळाला. म्हणून आज लिहायच्या रीती दोन, आणि बोलताना मात्र ज्याची त्याची बोली, संसदेतसुद्धा. तुझ्या ट्रॉन्डहाइममध्ये 'यै'चं 'ॲ' होतं आणि 'वा' म्हणजे काय, त्याचं होतं 'का'. म्हणजे "काय म्हणालात?" हे तिथे "का सा दू?" पुस्तकापेक्षा हे तुला जवळचं वाटायला हवं! वऱ्हाडी ऐकून आपल्याला मराठी येत नाही असं कुणी म्हणतं का?

तर एवढं कर. "का सा दू?" आणि "कान दू स्नाके लित साक्तेरे?", जरा सावकाश बोलशील का, ही दोन वाक्यं घेऊन जेवणाच्या खोलीत बस. समोरचा इंग्रजीवर आला तर "यै लॅरर नोष्क" म्हण, मी नॉर्वेजियन शिकते आहे, म्हणजे तो थांबेल. या 'लॅरे' क्रियापदाचे अर्थ दोन आहेत, शिकणे आणि शिकवणे. आपण मध्ये 'व' घालून दोन शब्द केले, त्यांचा एकच आहे. मी तुला बाराखडी शिकवली आणि आता तुझ्या गावाची भाषा मी तुझ्याकडून शिकणार आहे, या दोन्हींना त्यांच्याकडे एकच शब्द पुरतो. येत्या रविवारपासून फोनवर पहिली पाच मिनिटं नोष्क. मी प्रश्न लिहून ठेवले आहेत.

तुझ्या मैत्रिणीचा भाऊ गुरुवारी निघतो आहे. त्याच्याबरोबर चकल्यांचे दोन डबे देते, मोठा तुझा, छोटा आजींचा. छोट्या डब्याच्या झाकणाला चिठ्ठी लावली आहे, "ताक फोर सिस्त", माझ्या हाताने त्यांच्या लिपीत लिहिलेली. नुसती चिठ्ठी देऊ नकोस, डबा हातात देताना तू तोंडाने म्हण. त्या काय म्हणाल्या ते मला इंग्रजीत नको, त्यांच्याच शब्दांत कळव.

हा दे, म्हणजे त्यांच्याकडचं 'येते'.

तुझी,
आई