खांब आमचा, केबल कुणाची?

संपादक साहेब,

विजेच्या खांबावरच्या केबली कापल्या की दोन-दोन दिवस टीव्ही नि नेट बंद, ऑपरेटरला फोन केला तर तो म्हणतो वरून आलंय, पंचायतीत विचारलं तर आमच्या हातात काही नाही. खरंच नाही, कारण केबलचा कायदा केंद्राचा, १९९५चा.

अमेरिकेत पूर्वी केबलवाल्याला प्रत्येक गावाशी करार करावा लागायचा, गाव उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत फी घ्यायचं, वर लोकांना स्वतःचे कार्यक्रम करून दाखवायला चॅनल नि स्टुडिओ मागून घ्यायचं. २००५मध्ये टेक्सासने, २००६मध्ये कॅलिफोर्नियाने केबलचा परवाना देण्याचा अधिकार गावाकडून राज्याकडे नेला, म्हणे स्पर्धा वाढेल, दर उतरतील. फी राहिली पण गावाची घासाघीस करायची ताकद गेली, आणि २००९च्या सुरवातीला लॉस एंजेलिसमधले लोकांचे स्टुडिओच बंद पडले.

आपल्याकडे तर गावाला ती ताकद कधी मिळालीच नाही! चवथीची घुमट आरती, जत्रेतला दशावतार लोकल चॅनलवर दिसतो तो ऑपरेटरच्या मर्जीवर (आमचा भला माणूस आहे, ती गोष्ट वेगळी). रस्ता खणायला देताना तरी पंचायतीने दोन अटी घालाव्यात, त्याला कोण अडवतंय?

- एक वाचक, डिचोली