रेड डिअरच्या आजींना अनावृत पत्र

आजी,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत तुमचे आभार मानून झाले. क्लबच्या दारात तुमचा हात धरून मी बोलत होते आणि तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणत माझ्या पाठीवर थोपटत होतात. पण तुम्ही काय केलंत ते मिरजेत माझ्या आईला कळायला हवं, माझ्या जुन्या शाळेतल्या बाईंना कळायला हवं आणि परदेशी निघालेल्या, मनातून धास्तावलेल्या आपल्याकडच्या मुलींनाही कळायला हवं. म्हणून हे सगळ्यांसमोर.

कॅनडा विंटर गेम्स नुकतेच संपलेत. आपल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसारखाच हा सोहळा. 1967 मध्ये क्वेबेक शहरात सुरू झाला. तेव्हापासून दर दोन वर्षांनी भरतो, एकदा हिवाळी, एकदा उन्हाळी. दहा प्रांत आणि तीन प्रदेशांतून मुलं येतात. यंदा 15 फेब्रुवारी ते 2 मार्च हा मान अल्बर्टातल्या आमच्या रेड डिअरला मिळाला. कॅल्गरी आणि एडमंटनच्या साधारण मधोमध वसलेलं हे गाव. थंडी अशी की पारा उणे तीसच्या आसपास घुटमळत होता आणि सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून रात्रभर तिच्या इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवावी लागत होती. त्या थंडीत हजारो माणसं बिनपगारी कामाला उभी राहिली. त्यात पिडर्नी कर्लिंग सेंटरमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या क्लबात, तुम्ही होतात आणि तुमच्यामुळे मी होते.

मी तिथवर कशी पोचले हेही सांगायला हवं, नाहीतर तुमचं मोल कळणार नाही.

मी मिरजेच्या शाळेत पी.टी.ची शिक्षिका. बी.पी.एड. झालेली, खो-खो स्वतः खेळलेली, पुढे तालुका आणि जिल्हा पातळीवर गुणलेखक आणि पंच म्हणून उभी राहिलेली. मिस्टरांना इथे तेलविहिरींच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं म्हणून आम्ही आलो. 2014 च्या अखेरीस तेलाचे भाव कोसळले होते. त्या फटक्यातून हा भाग अजून सावरला नव्हता, त्यामुळे त्यांच्याच कामाचा भरवसा नव्हता, तिथे माझं काय. आमच्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी फोनवर सांगितलं होतं, 'या हो बिनधास्त, मी आहे ना.' आम्ही उतरलो त्या दिवसापासून त्यांचा फोन लागला नाही. पुढे एका कार्यक्रमात समोरासमोर आले आणि ताटावरून मान वर केली नाही. याचं दुःख मला परक्यांनी केलेल्या कशाहीपेक्षा जास्त झालं, आणि ते मी लपवणार नाही.

मग एका कार्यालयात गेले. नाव घेत नाही. माझी फाइल घेऊन गेले होते. त्यात सर्टिफिकेटं, पंच म्हणून केलेल्या स्पर्धांची पत्रं, मुख्याध्यापिकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला दाखला. समोरच्या माणसाने फाइल उघडली नाही. टेबलावर होती तशीच दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, कॅनडाचा अनुभव आहे का? नाही म्हटल्यावर त्याचं काम संपलं. काम नसताना अनुभव कुठून आणायचा हे त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या की इथले खेळ बर्फाचे आहेत, तुम्हाला जड जातील. वीस वर्षं मैदानावर घालवलेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय, याचा विचार त्यांनी केला असेल असं मला वाटत नाही.

स्पर्धेसाठी माणसं हवीत हे ग्रंथालयातल्या फलकावर वाचलं आणि नाव दिलं. कर्लिंग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण खेळ आहे, गुण आहेत, वेळ आहे, म्हणजे लिहिणारं कुणीतरी लागणार, एवढं मला कळत होतं.

आता ती संध्याकाळ. स्पर्धेआधी आम्हा सगळ्यांना बर्फावर चालून बघायला बोलावलं होतं. बाहेरचे बूट आत चालत नाहीत. रस्त्यावरची वाळू, मीठ बर्फावर पडलं की खेळाचा सत्यानाश होतो. म्हणून मी घरात घालायचे नवे बूट आणले होते, स्वस्तातले, तळ गुळगुळीत. बाकीचे लोक भराभर बर्फावर उतरले. बहुतेक सगळे लहानपणापासून त्यावर वाढलेले. मी कडेच्या गालिच्यावर उभी राहिले, आणि एका तरुण स्वयंसेवकाने जाता जाता मला सांगितलं की तुम्ही काचेमागेच थांबलात तरी चालेल. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण काचेमागे उभं राहणं मला पुरेपूर कळून चुकलं होतं. तो सबंध हिवाळा मी काचेमागेच होते.

तुम्ही पलीकडच्या टोकाला होतात. तिथून सावकाश चालत आलात, माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी माझ्या बुटांकडे बघितलंत. स्वतःच्या पिशवीतून ग्रिपर काढलेत. ग्रिपर म्हणजे बुटाच्या तळावर चढवायची रबरी खोळ, बर्फावर पाय धरून ठेवणारी. मला वाटलं, हातात द्याल. तुम्ही खाली बसलात. एक हात बाकाला लावून, एकेक गुडघा टेकत, माझ्या पायाशी. थंडीने ते रबर ताठ झालं होतं. बोटाच्या बाजूने चढवलंत, मग टाचेवरून ओढताना तुमचा अंगठा घसरला, पुन्हा धरलंत, पुन्हा ओढलंत, दोन्ही अंगठे लावून. टाच बसल्यावर कड सरळ केलीत. मग दुसरा पाय.

आजी, आमच्याकडे मोठ्या माणसाच्या पायाला लहानांनी हात लावायचा असतो. मोठ्यांनी आपल्या पायाला हात लावला तर आपल्याला पाप लागतं असं माझ्या आजीने मला शिकवलंय. मी घाईने वाकले, 'नको, नको' म्हणाले, पाय मागे घेऊ लागले. तुम्ही माझा घोटा घट्ट धरून ठेवलात. वर बघून म्हणालात, "आता पाय आपट जरा." मी आपटला. "सैल नाही ना?" नाही म्हटलं. मग माझ्याच हाताचा आधार घेऊन तुम्ही उठलात, आणि तो हात न सोडता मला बर्फावर नेलंत.

इतकंच. पुढे तुम्ही माझ्यासाठी कुणाकुणाला फोन केलेत, कुणाला चिठ्ठी दिलीत, ते इथे लिहीत नाही, ते आपल्या दोघींपुरतं ठेवते. पण मला उभं केलं ते त्या ग्रिपरनी.

तुमचा गुडघा बदललेला आहे हे मला फार नंतर, दुसऱ्या एका स्वयंसेविकेकडून कळलं. वाकता येत नाही म्हणून तुम्ही आता दगड हाताने सोडत नाही, लांब काठीने ढकलता, हेही तिनेच सांगितलं. ते ऐकल्यावर मी प्रसाधनगृहात जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा तुम्ही कुणालातरी कॉफी ओतून देत होतात.

मिरजेच्या मैत्रिणींसाठी खेळ थोडक्यात सांगते, कारण तो कळल्याशिवाय ही बाई कुठल्या मातीची आहे ते कळणार नाही. बर्फाची लांबलचक पट्टी, पंचेचाळीस मीटरच्या आसपास. पलीकडच्या टोकाला एकात एक वर्तुळं. जवळजवळ वीस किलोचा ग्रॅनाइटचा दगड, वर मूठ. स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या बेटावरच्या ग्रॅनाइटला या दगडांसाठी मोठा मान आहे. तो दगड सरकवत सोडायचा आणि पुढे दोघींनी ब्रशने बर्फ घासत त्याला लांब न्यायचं, वाकण्याआधी सरळ ठेवायचं. एका डावात प्रत्येक संघाचे आठ दगड. सगळे टाकून झाल्यावर ज्यांचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, त्यांनाच गुण. दुसऱ्यांना शून्य. आणि बर्फ गुळगुळीत नसतोच. त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून गोठवतात, हाताला पापडाच्या पुटकुळ्यांसारखं लागतं. दगड त्या थेंबांच्या माथ्यांवरून पळतो. एखादा केस दगडाखाली आला तरी तो भलतीकडे जातो. म्हणून डाव संपला की तुम्ही खाली बघत चालायचात, आणि मीही बघायला लागले.

पण मला बांधून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी आयुष्यभर कबड्डी आणि खो-खोचे सामने पाहिलेत. हात लागला की नाही यावरून मैदानात गर्दी होते, पंचांना घेराव पडतो, पालक कुंपणावरून ओरडतात. मी स्वतः त्या घेरावात उभी राहिलेय. इथे एका सामन्यात, शेवटच्या काही डावांत, घासता घासता एका मुलीचा ब्रश सरकत्या दगडाला निसटता लागला. मी नीट बघत होते तरी मला दिसलं नाही. समोरच्या संघालाही दिसलं नसावं. ती मुलगी थांबली, ब्रश वर केला आणि म्हणाली, माझा लागला. दगड उचलून बाजूला ठेवला गेला. तिच्या संघाची कर्णधार काही बोलली नाही, फक्त पुढच्या दगडासाठी तिला जागा दाखवली. तो सामना ते हरले. आधी ज्यांच्याशी हात मिळवून खेळ सुरू केला होता, त्यांच्याशी पुन्हा हात मिळवले आणि दोन्ही संघ एका टेबलाशी जाऊन बसले.

मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तुम्ही म्हणालात की क्लबात मोठ्यांच्या सामन्यांनंतर जिंकणारे हरणाऱ्यांना पहिला पेला पाजतात, ही जुनी रीत आहे, आणि पोरांना तेच बघून कळतं. मला त्या क्षणी वाटलं, चांगुलपणा कुठेतरी असा सवयीत मुरलेला असतो. माझ्या गावातही तो आहे. आमच्या शाळेतले शिपाईकाका मुलींचे सामने उशिरा संपले की बॅटरी घेऊन एकेकीला घरापर्यंत सोडायचे, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी कधी त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांचीही आठवण मला तुमच्यामुळे आली. फाइल सरकवणाऱ्या माणसाच्या हातात पद होतं, टेबल होतं, गरम खोली होती. त्याला एक पान उलटायला किती वेळ लागला असता? तुमच्या हातात तर काही नव्हतं, एक पिशवी आणि दोन रबरी खोळी.

फळ्यावर आकडे लावायचं काम तुम्ही मला दिलंत. आधी क्लबच्या जुन्या फळ्यावर शिकवलंत, ज्यात गुणांची ओळ पक्की असते आणि डावाचा आकडा खिळ्याला टांगायचा असतो, आपल्या सवयीच्या अगदी उलट. एकदा सांगून तुम्ही बाजूला झालात. माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं नाहीत. दोन दगड मध्यापासून सारखेच दिसले की पंच ते मोजपट्टीचं यंत्र आणून मध्यात रोवत आणि फिरवत, तेव्हा सगळे श्वास रोखून उभे राहत आणि मी आकडा हातात धरून वाट बघायचे. पहिल्या दिवशी त्या आकड्याची पाटी माझ्या हातात होती तेव्हा मी पुन्हा पी.टी.ची बाई झाले होते. मिस्टर म्हणाले, खूप दिवसांनी तू घरी येऊन खेळाबद्दल बोललीस.

आता मला मुलांच्या खेळवर्गात आठवड्यातले काही तास काम मिळालंय. परवा त्यांना लंगडी शिकवली. बर्फाचे जाड बूट काढून, जिमच्या लाकडी फरशीवर. सात-आठ वर्षांची पोरं हसून हसून पडली आणि पुन्हा उठून लंगडायला लागली. त्यांच्यातल्या एकीच्या बुटाची नाडी सुटली होती. मी बसून बांधली.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईंना साडी पाठव. मी म्हटलं, त्या नेसणार कुठे? तर म्हणाली, नेसू देत नाहीतर उशाशी ठेवू देत, माझ्या लेकीच्या पायाला त्यांनी हात लावलाय, ओटी रिकामी ठेवायची नाही. तर इरकल आलीय, हिरवी. खण आहे, नारळ मी इथे घेईन. पुढच्या रविवारी घेऊन येते. तुम्ही नको म्हणाल ते मला माहीत आहे, पण त्या संध्याकाळी माझंही 'नको' तुम्ही ऐकलं नव्हतंत.

आणि एक काम आहे. काठीने खेळणाऱ्या ज्येष्ठांच्या तुमच्या सामन्यांना गुण लिहायला माणूस मिळत नाही असं कळलं. पुढच्या हंगामापासून माझं नाव घाला. ग्रिपर माझे मी विकत घेतलेत.

कळावे, लोभ असाच असू द्यावा.

तुमची,
मिरजेची पी.टी.ची बाई
रेड डिअर, मार्च 2019