काकूंच्या डोळ्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

महालातल्या आपल्या गल्लीत ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम करणाऱ्या काकू सगळ्यांच्याच ओळखीच्या आहेत. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं प्रेशर ४० च्या वर गेलं. ते १० ते २१ च्या दरम्यान असायला हवं.

निदान झालं मॅलिग्नंट ग्लॉकोमाचं. हा कॅन्सर नव्हे. काचबिंदूचाच दुर्मिळ आणि हट्टी प्रकार आहे. डोळ्यात तयार होणारं पाणी पुढे यायचं सोडून मागच्या जेलकडे वळतं, तिथेच साचतं आणि लेन्स व बुबुळ पुढे रेटतं. मुळात लहान, आखूड डोळा असणाऱ्यांना हा धोका जास्त. तेव्हा ऑपरेशन कुठे केलं, कोणी केलं याची चर्चा कट्ट्यावर नको. काकूंनाही ती नको आहे.

अ‍ॅट्रोपिनचे थेंब, प्रेशर उतरवणारे थेंब, डायमॉक्सच्या गोळ्या, शिरेतून मॅनिटॉल असे उपचार झाले. बऱ्याच रुग्णांचं एवढ्यावर भागतं. काकूंचंही प्रेशर उतरलं होतं, पण अ‍ॅट्रोपिन कमी करताच पुन्हा चढलं. मग याग लेसरने लेन्समागचा पडदा आणि जेलचं आवरण उघडून पाण्याला वाट करून दिली, तीही टिकली नाही. आता व्हिट्रेक्टॉमी करायची आहे, म्हणजे मागचं जेल काढून बुबुळातून थेट मागेपर्यंत वाट मोकळी करायची. पाणी तयार करणारा भागच डायोड लेसरने कमी करण्याचाही पर्याय असतो, पण डॉक्टरांनी तो सध्या मागे ठेवला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचंही मत हेच पडलं. प्रेशरने डोळ्याची नस सुकली तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणून घाई.

काकूंनी थेंबांच्या बाटल्यांना शिलाईचे वेगवेगळे दोरे बांधलेत, अ‍ॅट्रोपिनला लाल. हाताला गाठ लागली की बाटली ओळखतात. भेटायला जाणाऱ्यांनी गुलाबपाणी, मध किंवा घरातले काचबिंदूचे जुने थेंब नेऊ नयेत. पायलोकार्पिनसारख्या थेंबांनी हा आजार उलट वाढतो.

रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज मंडळाच्या फलकावर लावला आहे. सरकारी योजनेसाठी कागद दिले आहेत, पण मंजुरीची वाट पाहत बसता येणार नाही. यंदाच्या रोषणाईतून वाचवलेले पैसे मंडळ देतच आहे. मदतीचं पावतीपुस्तक वर्गणीपेक्षा वेगळं आहे, कृपया दोन्ही एकत्र देऊ नका. जमलेली रक्कम थेट रुग्णालयात भरली जाईल. उरलेच तर त्यातून डाव्या डोळ्याची तपासणी आणि लागल्यास लेसर करू. त्याची ठेवणही तशीच आहे.

पैसे देणं जमत नसेल त्यांनी तपासणीच्या दिवशी गाडीवरून ने-आण करावी किंवा दुपारचे थेंब घालायला जावं. काकूंचा मुलगा बुटीबोरीला कामावर असतो.

रोज संध्याकाळी ७ ते ९, मंडळाच्या कार्यालयात.

— गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, महाल, नागपूर