माझ्या रायटर काकूंना

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

परवा निकाल लागला तेव्हा मार्कलिस्ट तुम्हीच वाचून दाखवलीत. इतिहासाचे मार्क सांगताना तुमचा आवाज कापला, मलाही भरून आलं आणि आभार मानायचे राहूनच गेले. मला दिसत नाही, म्हणून तीन वर्षं, सहा सेमिस्टर, माझा प्रत्येक पेपर मी तोंडानं सांगायची आणि तो तुमच्या हातानं लिहिला गेला. नाव घालू नकोस म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण रायटर म्हणजे नेमकं काय करणारा माणूस, हे डोळस लोकांना फारसं ठाऊक नसतं.

पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपराची आदली रात्र आठवते? जी मुलगी माझी रायटर म्हणून येणार होती, तिचा फोन आला, तिचाच पेपर त्याच वेळेला लागला होता. तिचा काय दोष? तेव्हाच्या नियमाप्रमाणे आपला रायटर आपणच नेला, तर तो शिक्षणात आपल्यापेक्षा एक पायरी खाली असावा लागायचा. म्हणजे बहुतेक वेळा खालच्या वर्गातलीच मुलं शोधायची, आणि परीक्षा तर त्यांच्याही त्याच दिवसांत. मेसच्या ताईंनी तुमचं नाव सुचवलं. रात्री साडेनऊला मी तुमच्या दारात. तुम्ही आधी एवढंच विचारलंत, ‘बारावी पास चालते का गं?’ आणि सकाळी साडेआठला पंचवीसेक वर्षांपूर्वीची मार्कलिस्ट पिशवीत घालून हजर झालात. त्या कागदाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

केंद्रावर आपल्याला अर्धा तास बाहेर उभं केलं. आयत्या वेळी रायटर बदलता येत नाही म्हणे. तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं की अडचणीच्या वेळी रायटर बदलण्याची मोकळीक असावी. माझ्या फोनमध्ये ती फाइल होती, पण फोन तर आधीच जमा करून घेतलेला. मला रडू फुटलं. तुम्ही माझा हात धरून ठेवलात आणि त्या साहेबांना शांतपणे, चार-चार वेळा तेच सांगत राहिलात. शेवटी आत सोडलं. गेलेली ती तीस मिनिटं मात्र कोणी भरून दिली नाहीत.

त्याच सूचनांप्रमाणे आम्हाला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळायची, तीन तासांच्या पेपराला एक तास. ‘बरंय की, जास्त वेळ!’ असं म्हणणारे भेटतात. त्यांनी एकदा आपल्याबरोबर बसून पाहावं. प्रश्न दोनदा ऐकायचा, उत्तर मनात जुळवायचं, मग लिहिणाऱ्याच्या वेगानं एकेक वाक्य सोडायचं, आणि मागचं वाक्य काय होतं तेही लक्षात ठेवायचं. मला तुमच्या बांगड्यांनी शिकवलं ते. पेन ओळीच्या शेवटाकडे निघालं की बांगड्या बाकावर घासत जायच्या, आणि नव्या ओळीसाठी हात मागे आणलात की एकदम किणकिणायच्या. त्या किणकिणाटावर मी पुढचं वाक्य सोडायची. दुसऱ्या वर्षापर्यंत आपली लय अशी बसली की ‘नवीन परिच्छेद’ असं सांगायचीही गरज पडेना.

अभ्यासाचंही तेच. कॉलेजातून नोट्स मिळायच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तुम्हाला पडद्यावर नीट मराठी दिसायचं, पण माझा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्याचं काहीच्या बाही वाचायचा, कारण त्या अक्षरांच्या आत मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होती. मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या युनिकोडमध्ये टाइप करायचं, एवढं एक केलं असतं तरी माझे कितीतरी तास वाचले असते. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजमध्ये दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून वेगळं केंद्र आहे. प्रत्येक कॉलेजात असं काहीतरी हवं, हे मी मागतच राहणार. तोवर माझ्यासाठी दुपारची भांडी आवरून तुम्ही पानं वाचून रेकॉर्ड करत होतात. आधी पान नंबर, मग ‘अवतरण सुरू’, ‘अवतरण संपलं’. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्या सेमिस्टरला सत्यशोधक समाजावर प्रश्न होता. मी सांगितलं, स्थापना १८७६. तुमचं पेन क्षणभर थांबलं. मला वाटलं, शाई संपली. मग बांगड्या पुन्हा घासत पुढे गेल्या. शेवटी सगळा पेपर मला वाचून दाखवलात, त्यात ते १८७६ही बाकीच्या आकड्यांसारखंच वाचलंत, आवाजात जरासुद्धा फरक न करता. मला चूक कळली नाही. रिक्षात बसल्यावर तुम्ही म्हणालात, ‘अगं, २४ सप्टेंबर १८७३. परवाच तर वाचलं होतं आपण.’ मी चिडले. माहीत होतं तर बोलला का नाहीत? तुम्ही म्हणालात, ‘पेपर तुझा आहे. मी कसं सांगू?’

दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. त्याबद्दल माफी मागते, काकू. पुढे नातेवाइकांत, वर्गात, अगदी एका मुलाखतीतही मला हसत विचारलं गेलं, ‘रायटर हुशार असेल ना?’ प्रत्येक वेळी मला ते १८७६ आठवलं. माझी ती चूक तुम्ही चूकच राहू दिलीत, म्हणून माझी बरोबर उत्तरंही माझीच राहिली. चार लोकांत मान वर करून सांगता येतं मला, ही पदवी माझी आहे. याचे आभार कसे मानतात, मला खरंच कळत नाही.

आता एम.ए.ला माझ्या गावाजवळच्या शहरात प्रवेश घेते आहे. तिथे दुसरी कोणी मुलगी माझे पेपर लिहील. तिला पहिल्याच दिवशी तुमची गोष्ट सांगणार आहे, आणि म्हणणार आहे, मी चुकले तरी मी सांगते तेच लिही.

तुमचीच,
तिसऱ्या मजल्यावरची हॉस्टेलची मुलगी