घोडीच्या रक्ताचा चुकीचा रिपोर्ट दिल्याबद्दल तक्रार

दि. 3 जुलै 2024
ता. शहादा, जि. नंदुरबार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(आपल्या लॅबचं शहादा कलेक्शन सेंटर)

विषय : 14 मे रोजी दिलेल्या घोडीच्या एसीटीएच व इन्सुलिन या हार्मोनांच्या तपासणीचा रिपोर्ट रद्द करून पैसे परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या शहाद्याच्या सेंटरवर ‘जनावरांच्या तपासण्याही केल्या जातील’ असा फलक आहे. तो वाचूनच मी 14 मे रोजी माझ्या घोडीचं रक्त तिथे दिलं आणि 3,400 रुपये भरले. 17 मेला रिपोर्ट आला. त्यावर पेशंटचं नाव ‘कु. चांदणी’, वय 19 वर्षे, लिंग स्त्री. चार शिंगरं झालेल्या घोडीला कुमारी केलंत, याचं त्या दिवशी घरात सगळ्यांना हसू आलं. पुढे जे झालं त्यात मात्र हसण्यासारखं काही नाही, म्हणून हे पत्र.

चांदणी मी 2011 च्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतली, तेव्हा ती सहा वर्षांची होती. यंदा होळी झाली तरी तिचे हिवाळ्याचे केस झडले नाहीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, बैलसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि या बाईच्या पोटाखाली, जबड्याखाली बोटभर लांबीचे कुरळे केस. खरारा करून हात दुखले, पण केस काही निघत नव्हते. पाणी दुप्पट पीत होती, पाठीवरचं मांस उतरून कणा दिसायला लागला होता, पोट मात्र सुटलेलं. आई एकदा म्हणाली, “भाऊ, उन्हायामा इना आंगवर गोधडी कशी काय रे?” त्यानंतरच मी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांना पाहताक्षणी शंका आली ती कुशिंगची. म्हाताऱ्या घोड्यांत मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा मधला भाग वाढतो आणि एसीटीएच हे हार्मोन जास्त सुटायला लागतं. माणसाच्या कुशिंगमध्ये बिघाड होतो तो बहुधा त्याच ग्रंथीच्या पुढच्या भागात. नाव एक, दुखणं वेगळं. सोबत इन्सुलिनही पाहायचं ठरलं, कारण ते वाढलेलं असेल तर घोड्याच्या खुरांवर येतं.

डॉक्टरांनी सकाळी सव्वासातला घरीच, लिंबाच्या सावलीत, घोडी शांत असताना रक्त काढलं. प्रवासाने किंवा दुखण्याने हा आकडा उगाच चढतो, म्हणून ती गाडीत घालून आणायची नाही असं त्यांनी आधीच बजावलं होतं. एसीटीएचसाठी जांभळ्या टोपणाची प्लास्टिकची नळी घेतली, काचेची मुद्दाम टाळली, कारण हे हार्मोन काचेला चिकटतं. नळी बर्फाच्या डब्यात घालून मी आठच्या सुमारास आपल्या सेंटरवर पोचलो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : नमुना थंड ठेवावा, आणि काही तासांच्या आत सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवून प्लाझ्मा (पेशींच्या वर राहणारं पिवळं पाणी) वेगळा करावा.

आपल्या सेंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली नाही. नळी बर्फातून काढून पुसली आणि काउंटरवरच्या रॅकमध्ये उभी केली. खिडकीतून त्या रॅकवर ऊन येत होतं. मी म्हटलं, दादा, हे थंड ठेवायचंय. तो म्हणाला, “काका, सीबीसी पण असंच जातं. गाडी चारला येते.” त्याचा मला राग नाही. सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या नेहमीच्या तपासणीची, नळीही जांभळ्या टोपणाचीच असते आणि ती तशी जाते, हे खरंच आहे. पण एसीटीएच रक्तातल्या एन्झाइममुळे तुटत जातं, आणि उष्णतेत तर भराभर तुटतं. नळी गरम राहिली की आकडा खोटाच खाली येतो. म्हणजे आजारी घोडी कागदावर बरी दिसते. हा फरक त्या मुलाला कोणी शिकवलाच नाही, आणि शिकवायची जबाबदारी फलक लावणाऱ्याची आहे.

मी हे नुसतं आठवणीवर लिहीत नाही, आपलाच रिपोर्ट काढून बघा. नमुना घेतल्याची वेळ 14 मे, सकाळी 8.05. मुख्य लॅबमध्ये पोचल्याची वेळ 15 मे, सकाळी 11.40. म्हणजे साडेसत्तावीस तास ते रक्त न फिरवता, तसंच्या तसं प्रवास करत होतं. तळाशी बारीक अक्षरात ‘हिमोलायसिस ++’ असंही छापलंय, म्हणजे तांबड्या पेशी फुटून नमुना लाल झालेला आपल्या माणसाने डोळ्याने पाहिला. असा नमुना परत पाठवायचा असतो. आपण तो मशीनला लावला आणि 11.2 हा आकडा देऊन पुढे ‘नॉर्मल’ लिहिलंत.

ते नॉर्मलही कोणाचं? शेजारी 7.2 ते 63.3 अशी मर्यादा छापली आहे. ती माणसाची. घोड्याची मर्यादा वेगळी, आणि ती वर्षभर सारखीही नसते : जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत निरोगी घोड्यातही एसीटीएच वाढतं, म्हणून महिना बघूनच आकडा वाचावा लागतो. इन्सुलिनचीही तीच गत. आपल्या सेंटरने फोन करून घोडीला ‘बारा तास उपाशी ठेवा’ सांगितलं आणि मीही शहाण्यासारखा दावणीतली वैरण उचलून ठेवली. घोड्याला चारा चालतो, बंद करायचा असतो तो दाणा. उपाशी घोड्याचं इन्सुलिन खाली येतं आणि दोष लपून जातो. शिवाय माणसाच्या इन्सुलिनसाठी बनवलेलं प्रत्येक किट घोड्याचं इन्सुलिन नीट ओळखतंच असं नाही. आपलं किट ओळखतं का, हे मी दोनदा विचारलं. कस्टमर केअरच्या बाई म्हणाल्या, “सर, आमचं मशीन रोज कॅलिब्रेट होतं.” अहो, मशीनबद्दल माझी तक्रारच नाही.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर मी काय केलं, तेही सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे. डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी होते. फोनवर म्हणाले, घाई करू नका, मी येऊन बघतो. मला वाटलं दुखणं नाही, म्हणजे घोडी नुसती वाळली आहे. सकाळ-संध्याकाळ बाजरीचा भरडा, भिजवलेला हरभरा, वर गुळाचा खडा सुरू केला. दहाव्या दिवशी ती गव्हाणीपाशी पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी होती. वळवायला गेलो तर हलेना. खुराला हात लावला तर कढत, आणि घोट्यापाशी नाडी बोटाखाली ठकठक उडत होती. लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतली सूज; दाण्या-गुळाने इन्सुलिन चढलं की हेच होतं. तीन आठवडे ती वाळूच्या मऊ जागेवर उभी-आडवी होत होती आणि मी रात्री उठून तिच्या खुरांवर गार पाणी ओतत होतो.

दुखणं उतरल्यावर, 18 जूनला, डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. या खेपेला चारा चालू ठेवला, दाणा तर बंदच होता. आमच्याकडे सेंट्रीफ्यूज नाही, तरी अडलं नाही. नळी बर्फाच्या पाण्यात सरळ उभी ठेवली. घोड्याचं रक्त फार लवकर बसतं. तासाभरात खाली गडद लाल थर आणि वर सोनेरी पिवळं पाणी, तुपासारखं स्वच्छ. ते वरचं प्लास्टिकच्या ड्रॉपरने दुसऱ्या नळीत घेतलं, तळाचं हलू दिलं नाही, आणि ते न गोठवता बर्फातच थंड ठेवलं. (सबंध रक्त काय, असं नुसतं बसवून घेतलेलं पाणीही गोठवायचं नसतं, उरलेल्या पेशी फुटतात.) भाच्याने थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तो घोड्यांचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये पोचवला. एसीटीएच आलं 142. इन्सुलिनही वाढलेलं. महिना जूनचा होता, तेव्हा ऋतूचं कारण कृपया पुढे करू नये.

एका खेड्यात बर्फाचं भांडं आणि ड्रॉपर यांवर जे जमलं, ते आपल्याला एसी गाडी आणि बारकोड असून जमलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. 14 मेचा रिपोर्ट लेखी रद्द करा, तो डॉक्टरांच्या फाइलमध्ये ‘नॉर्मल’ म्हणून राहता कामा नये. 3,400 रुपये परत करा. खुरांच्या उपचाराला झालेल्या 9,650 रुपयांची बिलं जोडली आहेत, त्यावर आपण काय करता ते कळवा. आणि सेंटरवर नमुना फिरवून थंड पाठवायची सोय होईपर्यंत, घोड्याची मर्यादा रिपोर्टवर छापायला लागेपर्यंत, तो जनावरांचा फलक उतरवा. आमच्या भागात यात्रेमुळे घरोघरी नसली तरी गावोगावी घोडी आहेत, आणि फलक वाचून उद्या दुसरा कोणी येईल.

18 जुलैपर्यंत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. सेवेसाठी भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे फी लागत नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

चांदणीला या दुखण्यावरची पेरगोलाइडची गोळी सुरू झाली आहे. ती मिळवताना नाकीनऊ आले ते वेगळंच. पत्रासोबत पावती, दोन्ही रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि 14 मेच्या सकाळी काढलेला घोडीचा फोटो जोडला आहे. फोटोत पोटाखालचे केस पाहावेत.

आपला,
(सही)
ग्राहक, पावतीप्रमाणे