डब्यातले ३४० रुपये

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

आभार वगैरे काही नको, पोरगं नीट जेवतंय का तेवढं कळव, असं तुम्ही म्हणाला होता. नीट जेवतंय. तरीही हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. सांगलीत आमच्या गावभागात आणि कृष्णाकाठच्या गावांत कितीतरी आयांनी पुराच्या वेळी पोरं पाहुण्यांकडे पाठवली, आणि पाणी ओसरल्यावर तो विषय तिथंच संपला. माझाही संपला होता. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे ठाऊक आहे.

तुम्ही मुलांच्या मनाचं बघता, म्हणून गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले ती फक्त एकच वाक्य घेऊन: माझा मुलगा चोरी करतो. तो तेव्हा साडेआठ वर्षांचा, तिसरीत. वर्गात सगळ्यांदेखत त्याचं दप्तर उलटं केलं होतं, त्यातून तीन मुलांचे रुमाल आणि एक कंपासपेटी निघाली. घरी यांनी त्याला देवासमोर कान धरून उभं केलं. मी दोन थपडा मारल्या. मग माळ्यावर बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. त्यात माझ्या पर्समधून गेलेले पैसे होते, सगळ्या दहा-वीसच्या नोटा, मोजून ३४० रुपये. एक रुपयाही खर्च केलेला नव्हता. नोटांवर माझी केसांची पिन आणि माझाच एक रुमाल घडी करून ठेवलेला.

मी तो डबा पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही रुमाल उचलून बघितलात, परत तसाच ठेवलात आणि विचारलंत, "हा लहानपणी तुझ्यापासून कधी लांब राहिला होता का गं?" मी म्हटलं, नाही. खरंच आठवलं नाही, बाई. जरा वेळानं आठवलं, तेव्हा घशाला कोरड पडली.

ऑगस्ट २०१९. नागपंचमीच्या सुमारास पाणी चढायला लागलं, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. घरात पाणी, हरभट रोडवरच्या आमच्या दुकानात पाणी. हा सव्वातीन वर्षांचा होता. त्याला रात्रीतून माझ्या माहेरी आटपाडीला पाठवला. थोरली आठ वर्षांची, ती माझ्याजवळ राहिली. चार दिवसांनी आणू म्हटलं होतं, पण चिखल, पंचनामे, दुकानाची फरशी, यांना आलेला ताप, यात दिवाळी आली. फोनवर तो पहिले आठ दिवस रडला. नंतर फोनवर यायचाच बंद झाला. आई म्हणाली, रमला बघ आता. मला बरंच वाटलं.

आणि त्याची वाकळ. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, एक कोपरा चोखून चोखून काळा झालेला. तो कोपरा नाकाशी धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. घाईत ती इथंच राहिली. पाणी उतरल्यावर पलंगाखाली सापडली, चिखलानं दगडासारखी जड. मी ती गाद्यांबरोबर रस्त्यावर टाकली. दिवाळीला तो आला तेव्हा कार्टूनचं नवं ब्लँकेट दिलं. त्यानं वाकळ मागितली नाही, रडला नाही. किती समजूतदार पोर, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही मला लंडनच्या डोनाल्ड विनिकॉट या डॉक्टरांबद्दल सांगितलंत. मूळचे मुलांचे डॉक्टर, नंतर मनोविश्लेषक झालेले. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमध्ये शहरांतली लाखो मुलं बॉम्बच्या भीतीनं आईबापांपासून तोडून खेड्यांत पाठवली गेली. जी कुणाच्याच घरात टिकेनात, चोऱ्या करत, गाद्या ओल्या करत, त्यांच्यासाठी वसतिगृहं काढावी लागली, आणि विनिकॉट तिथं त्यांना बघायला जात. ॲना फ्रॉईड, सिग्मंड फ्रॉईड यांची मुलगी, तिनं १९४१ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये अशा लहानग्यांसाठी निवासी पाळणाघर सुरू केलं. तिलाही तेच दिसलं: बॉम्ब पडत असतानाही आईच्या कुशीतलं मूल तितकं कोसळत नाही, जितकं आईपासून तुटलेलं कोसळतं. मी इतकी वर्षं त्याला पाण्यापासून वाचवलं याच समाधानात होते. ते समाधान तुम्ही काढून घेतलं नाहीत. वाचवलंस ते बरोबरच केलंस म्हणालात, फक्त त्याची किंमत त्यानं एकट्यानं मोजली.

विनिकॉटनी १९५६ मध्ये मांडलेलं ते म्हणणं माझ्या मनातून जात नाही. चोरी करणारं मूल ती वस्तू शोधत नसतं; ज्या आईवर आपला हक्क आहे तिला ते शोधत असतं. म्हणून चोरीत आशा असते. ज्या मुलानं आशाच सोडली, ते काही मागत नाही, काही उचलतही नाही. तुम्ही बजावलंत की प्रत्येक चोरीला हाच अर्थ लावू नकोस, हे औषधाच्या गोळीसारखं सगळ्यांना लागू होत नाही. पण डब्यातली ती पिन बघून मला दुसरा अर्थ लावताच येईना.

वाकळीचंही तसंच. आईच्या आणि बाहेरच्या जगाच्या मधल्या जागेत मुलाला अशी एक वस्तू लागते, असं विनिकॉट १९५१ पासून सांगत होते. ती मळते, वास मारते, तरी आई ती धूत नाही, कारण धुतली की मुलाच्या अनुभवात खंड पडतो. धुण्याचीही चोरी, बाई, आणि मी तर ती कचऱ्याच्या गाडीत घातली होती. मी रडायला लागले तेव्हा तुम्ही त्यांचाच दुसरा शब्द सांगितलात, 'पुरेशी चांगली आई'. सगळं बिनचूक करणारी आई मुलाला लागतच नाही. चुकणारी, आणि चुकल्यावर परत हाताशी येणारी लागते. त्या शब्दावर मी कित्येक महिने काढलेत.

त्याच्याशी तुम्ही चोरीबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. कागदावर पेन्सिलीनं एक वेडीवाकडी रेघ ओढलीत आणि म्हणालात, "याचं काय करायचं ते कर." हाही विनिकॉटांचाच खेळ, हे तुम्ही मला नंतर सांगितलंत. दोन वेळा त्यानं साप काढला. तिसऱ्या वेळी नदी काढली, नदीवर पूल, पुलाच्या वर पाणी. मी दाराशी बसले होते. मान वर न करता त्यानं विचारलं, "तवा आई कुठं हुती?" तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "तूच विचार की तिला," एवढंच म्हणालात.

दोन आठवडे गेले तरी त्यानं विचारलं नाही. शेवटी मीच सांगितलं. विनिकॉटनी आपल्या एका मैत्रिणीला जेवताना जे सुचवलं होतं, तेच तुम्ही मला सुचवलंत. रात्री अंथरुणात त्याला म्हटलं, तू पैसे घेतोस तेव्हा तुला पैसे नको असतात, तुला मी हवी असते. तुला आटपाडीला ठेवलं तेव्हा मी आले नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ताईला नव्हतं ठेवलं." मग जो रडला, तो मला वाटतं सहा वर्षांचं सगळं रडला. त्यानंतर महिनाभर त्यानं मला नको जीव केला, ताटं ढकलली, मला चावलासुद्धा. तुम्ही आधी सांगितलं नसतं की राग बाहेर येईल, तो तुझ्यावरच येऊ दे आणि तू टिकून राहा, तर मी परत हात उचलला असता.

थोरलीचं थोडक्यात लिहिते. ती आता चौदा वर्षांची, दार लावून बसते, मी विचारलेलं सगळं तिला चुकीचं वाटतं. पीटर ब्लॉस या मनोविश्लेषकांनी १९६७ मध्ये मांडलेली गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितलीत: दोन-तीन वर्षांचं मूल आईपासून पहिल्यांदा सुटतं, आणि वयात येताना दुसऱ्यांदा, तेव्हा मनात बसलेल्या आईबापांपासून सुटतं. आता मी दार वाजवते आणि थांबते. ती कधी उघडते, कधी नाही.

डबा अजून माळ्यावर आहे. त्यातले पैसे मी काढले नाहीत, त्यानंही काढले नाहीत. पर्स पहिल्यासारखीच खुंटीला असते. गेल्या सात महिन्यांत दोनदा वीस रुपये गेले, दोन्ही वेळा मी दुकानाच्या मालासाठी पुण्याला मुक्कामी होते. मे महिन्यात आई आटपाडीहून आली, तिनं माझ्या दोन सुती साड्या मागून घेतल्या आणि त्याला शेजारी बसवून वाकळ घातली. टाके त्याचे कुठले नि तिचे कुठले ते लगेच कळतं. तो आता ती पांघरत नाही, मोठा झालाय. उशाखाली मात्र असते.

एक विनंती. ती नदीची आणि पुलाची चित्रं तुमच्याकडेच राहिली आहेत. परवा त्यानं आठवण काढली. म्हणाला, बाईंकडं माझा कागद आहे, तो माझा आहे, मला परत पाहिजे. येत्या रविवारी त्याला घेऊन येते, तेवढा काढून ठेवा.

तुमची,
गावभागातली, दोन मुलांची आई