खांबांनी दुचाकी नाही, व्हीलचेअर अडवली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फूटपाथवर चढणाऱ्या मोटारसायकलींना आळा बसावा म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टीलचे पाच खांब रोवले, त्याला आता वर्ष होईल. काम भक्कम आहे, खांब अजून चकचकीत आहेत. फक्त माझ्या सासूबाईंची व्हीलचेअर त्यांतून जात नाही. शिवणकामाची टेप घेऊन मीच मोजलं : दोन खांबांमध्ये ५५ सेंटिमीटर, खुर्ची चाकांसकट ६५.

मोटारसायकली मात्र बिनदिक्कत जातात. खांब जेमतेम मांडीपर्यंत, त्यामुळे हँडल वरून जातं आणि चाकं मधून. दुचाकीची चाकं एकामागोमाग असतात, व्हीलचेअरची शेजारीशेजारी. एवढी साधी गोष्ट आराखडा काढणाऱ्याच्या लक्षात येऊ नये?

पहिल्या दिवशी मी खुर्ची रस्त्यावरून वळवून नेली. मागून रिक्षाचा हॉर्न थांबेना. सासूबाई ब्याऐंशीच्या. म्हणाल्या, "अगं, राहू दे, घरीच बरी मी." संध्याकाळचं बागेत जाणं तेव्हापासून बंद आहे. बाबागाडी ढकलणारी शेजारीण निदान बाळाला कडेवर घेऊन गाडी मिटवू तरी शकते.

हा त्रास आमच्या एका गल्लीपुरता नाही. मुंबईत फूटपाथवरच्या अशाच खांबांमुळे अडणाऱ्या एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने ईमेल पाठवला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा तर २०१६ चा. रस्ते कसे बांधावेत याची मानकं ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या सूचनांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा हवी आणि फूटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आमच्याकडे दर सोसायटीच्या फाटकाशी फूटपाथ तुटतो नि पुढे पुन्हा गुडघाभर चढतो, ते वेगळंच.

खांब लावण्याला माझा विरोध नाही, चालणाऱ्यांसाठीच ते लावलेत. पण ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी एक व्हीलचेअर त्यातून ढकलून पाहावी. तूर्त आमच्या पाचांतला मधला एक खांब काढला तरी सासूबाईंचं भागेल. त्या फटीतून मोटारसायकली शिरतील, अशी भीती कुणी घालू नये. त्या आजही शिरतातच.

– एक वाचिका, मुंबई